गुळाच्या पाण्याची मिशी

बायकांनी आपल्याच गल्लीतून भुलाबाईची वरात काढायची तर सरकारची इजाजत लागते का, असं मी कचेरीत जाऊन पेशकारांना, म्हणजे आमच्या वरच्या साहेबांना, विचारलं. मला कोणी विचारायला सांगितलं नव्हतं.

पेशकारांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं, माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "पूछे तो लगती, मियाँ. नै पूछते तो कायकू लगती?"

ज्यांची वरात मी अशी घरात बसवली त्या माझ्या घरमालकीणबाई. मी त्यांना काकू म्हणायचो. परवा आदिलाबादेत, त्याच घरी, त्यांची तेरवी झाली. तिथून पोटभर जेवून आणि डोकं तापवून आलो, अजून उतरलेलं नाही. घरची मंडळी म्हणतात, या वयात बरं नाही. या वयात दुसरं काय बरं असतं?

तेरवीला एकेकजण उठून बोलला. एक म्हणाला, बाई फार देवभोळी. दुसरा म्हणाला, उभ्या जन्मात मान वर करून बोलली नाही. तिसऱ्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "शांत. समईसारखी शांत आणि सोज्वळ."

समई! ज्या बाईनं भर दुपारी अंगणात अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, होऊन शेजारच्या बोकडाला अटक केली, त्याचा जबाब घेतला, आणि जबाबात विसंगती आहे म्हणून त्याच्या दाढीला धरून कोठडीत म्हणजे न्हाणीघरात घातलं, ती बाई समई! त्या बोकडाला बोलता आलं असतं तर तेरवीला तो या सगळ्यांपेक्षा खरं बोलला असता.

माझी आणि काकूंची खरी ओळख हिवतापात झाली. निजामाच्या राज्यात आदिलाबादला बदली म्हणजे शिक्षाच समजत. पहिल्या पावसाळ्यात डास आणि दुसऱ्यात यम भेटतो, अशी ख्याती. मी तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे साधा कारकून, म्हणून लागलो होतो आणि काकूंच्या घरी बाहेरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. पावसाळा सरताना हिव भरलं. दुपारी घोंगडी पांघरून कुडकुडत पडलो होतो तर मागच्या अंगणातून पेशकारांचा आवाज आला.

"क्या जी, आज भी आये? कल आओ. कल आये तो परसों आओ. परसों तो मैं च नै रहता."

हुबेहूब. तो पान चघळल्याचा ओला आवाज, वाक्य संपताना नाकातून सोडलेला तो सुस्कारा. साहेब माझी रजा खरी की खोटी ते बघायला घरी आले, असं वाटून माझं हिव जागच्या जागी पळालं. घोंगडीसकट उठलो, मागलं दार उघडलं आणि डोळे न उघडताच कमरेत वाकून म्हणालो, "आदाब अर्ज है साहब, सच्ची में बुखार है!"

डोळे उघडले तर अंगणभर बायका. मधोमध उलट्या घंगाळावर बसलेले पेशकार. शेरवानी, रुमी टोपी, भरघोस मिशी, आणि शेरवानीखालून डोकावणारी नऊवारीची किनार.

त्या बायका ज्या हसल्या, ते हसू मला आजही झोपेत ऐकू येतं. पेशकार मात्र हसले नाहीत. सोंग सोडतील त्या काकू कसल्या! त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "बुखार कू बोलो, कल आना."

त्या वर्षापासून दरवर्षीच्या सोंगात एक घोंगडीवाला अहलकार वाढला. तो येई, वाके, आदाब म्हणे आणि पडे. मी घरात नाही असं समजून काकू ते करत, आणि मी रजा टाकून खोलीच्या झरोक्यातून स्वतःला पडताना बघत असे. काकूंनी मला दोन-चार हालचालींत संपवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर तेवढाच मी होतो.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या भागात भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोबा, आणि त्यांच्यापुढं रोज पोरींची गाणी. गाणी झाली की झाकल्या डब्यातली खिरापत हलवून ओळखायची. पोरींचा सण संध्याकाळचा. पण शेवटच्या आठवड्यात दुपारी, पुरुष कचेरीत नि शेतात गेले आणि भांडी घासून झाली की, काकूंच्या अंगणात मोठ्या बायका जमत. तिथं पुरुषाला मज्जाव. म्हणूनच तिथं सगळे पुरुष असत: पाटील, पटवारी, सावकार, वैद्यबुवा. सगळे काकू एकट्या करत. ढोलकीला गल्लीतली कासारीण. तिच्या टोपलीत वर बांगड्या आणि खाली ढोलकी.

मिशी कापसाची. काजळात बुडवून गुळाच्या पाण्यानं चिकटवायची. सोंग लांबलं की मिशीला मुंग्या लागत, आणि त्या मुंग्या झटकण्यासाठी ओठ वाकडा करायची जी लकब होती ती बायकांना वाटे पेशकारांचीच. पुढं मी कचेरीत पेशकारांकडं पाहिलं की मलाही त्यांच्या मिशीत मुंग्या दिसू लागल्या. शेरवानी माझीच, कोपरं फाटलेली, बोहारणीला द्यायला काढलेली. बोहारणीला म्हणून नेली ती पुन्हा अंगणातच दिसली.

"काकू, पुरुषाची चाल कशी जमते हो?" मी एकदा विचारलं.

"त्यात काय जमाचं, भाऊ? मिशी लावली का मांडी आपोआप पसरते. आन् पसरली का वाटते, ही सारी जागा आपलीच हाये."

बेला गावाकडच्या शेतकऱ्याघरची ही लेक. कचेरी त्यांना पाठ होती, कारण लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर जमिनीच्या एका तंट्यापायी तिथल्या कडुनिंबाखाली तारखा घेत बसल्या होत्या. नवरा निकालाकडं डोळे लावून बसे, काकू माणसांकडं. तंटा हरले. काकूंचं म्हणणं, "वावर गेलं, पन मानसं आपल्या घरी आली." भाकरी थापताना त्या भाकरीशी वैद्यबुवांच्या आवाजात बोलत. मी पाणी मागितलं तर सावकाराच्या आवाजात म्हणत, "मागचं दिल्याबिगर नवीन भेटनार नाई." एका गिरदावराचं, म्हणजे महसुलाच्या तपासनिसाचं, सोंग मात्र त्यांनी कधी केलं नाही. "तो आधीच सोंग करून राह्यला," म्हणाल्या, "त्याच्यावर माह्यं कायले चढवू?"

नवरा, ज्यांना मी काका म्हणे, साधा माणूस. देवानं त्यांना हो आणि नाही असे दोन शब्द दिले होते. त्यातला दुसरा त्यांनी थोरल्या भावाला देऊन टाकला होता.

आता त्या थोरल्या भावाकडं येतो. त्यांना सगळे आबा म्हणत. घराचे कर्ते, काकूंचे भासरे. ताठ, पांढरंशुभ्र धोतर, बोलण्याआधी एक खोकला आणि बोलून झाल्यावर एक. बायकांच्या या चाळ्यांची त्यांना कल्पनाही नाही, असा घरात समज होता. पण भुलाबाई बसली की आबांना अचानक मागच्या भिंतीकडचा वारा मानवू लागे. दुपारी त्यांचा तक्क्या तिकडं सरकायचा. माझ्या खोलीच्या झरोक्यातून ती भिंत दिसे, त्या भिंतीतली फट दिसे आणि फटीला डोळा लावलेले आबा दिसत. हसू आवरेना म्हणून उपरण्याचा बोळा तोंडात कोंबलेला, आणि पोट असं हलतंय की तक्क्याच्या शिवणी उसवाव्यात. अंगणात काकू आबाच करत असत. खोकला, बोलणं, खोकला. इकडं आबा आबांना हसून हसून लोळत.

दरवर्षी. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मला खोटं सांगता येत नाही असं नाही, पण इथं गरज नाही.

मग ते वर्ष आलं. काकूंच्या मनात आलं की यंदा अंगण पुरे. भुलोबा-भुलाबाईची वरात काढायची. भर दुपारी, गल्लीच्या या टोकापासून मारुतीच्या पारापर्यंत. भुलोबा स्वतः काकू, कासारणीच्या गाढवावर. वऱ्हाडी सगळे पुरुष, म्हणजे सगळ्या बायका. महिनाभर आधी घरोघरी मिशा वळणं सुरू झालं. गल्लीतला कापूस महागला, असं कासारीण म्हणायची. काकूंच्या अंगात वारं शिरलं होतं. मला म्हणाल्या, "भाऊ, आंगनात केलं ते आंगनातच मरते. येकडाव तरी गल्लीनं मले पाहावं. चोरून नाई. समोरून."

यावर शहाण्या माणसानं काय म्हणावं? बरं म्हणावं. मी त्याच महिन्यात नोकरीत पक्का झालो होतो. निजामाच्या राज्यात कारकुनालाही शेरवानी, आणि नव्या शेरवानीची गळ्यापाशी घट्ट बसणारी बटणं मेंदूचा रक्तपुरवठा कमी करत असावीत. मी म्हणालो, "काकू, गल्लीतून वरात म्हणजे जुलूस झाला. जुलूसला इजाजत लागते. कायदा असतो."

"काऊन? आपल्याच गल्लीत चालाले कोनाले पुसा लागते? पानी आनाले जातो तवा पुसतो का?"

"तुम्ही काळजी करू नका. मी विचारून ठेवतो. मागून लफडं नको."

कासारीण कोपऱ्यात बांगड्या पुसत होती. म्हणाली, "इचारू नका, बाप्पा. न इचारलेल्याले कोनी नाई म्हनत नाई."

मी विचारलं. पेशकार म्हणाले ते वर सांगितलंच आहे. पण त्यापुढंही ते बोलले, आणि माझा सगळा राग तिथंच अडकलेला आहे. म्हणाले, "अब पूछे तो ऐसा करो. घर का बड़ा मर्द आ के बोल देना, जिम्मा मेरा. बस. औरतों का खेल है, सरकार का क्या जाता?"

म्हणजे सरकारची ना नव्हती. आबांनी यायचं, एक 'हो' म्हणायचं, पान खायचं नि घरी जायचं.

आबा आले. कचेरीत गर्दी होती. पेशकारांनी मुद्दाम नव्हे, सवयीनं, मोठ्यानं विचारलं, "आप के घर की औरतां गधे पे जुलूस निकालते बोले. जिम्मा लेते क्या?" मागं बसलेल्या पाटलांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. आबांनी हसणाऱ्याकडं पाहिलं, खोकले, "नाही" म्हणाले, खोकले आणि निघून गेले.

मी घरी पोचलो तेव्हा आबा ओसरीवर होते आणि काकू दाराआड. आमच्याकडं भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नसतं, तिनं त्याच्यासमोर यायचं नसतं; मधे कोणीतरी धरावं लागतं. एरवी खांब धरत. त्या दिवशी मी होतो.

"सांगा तिले," आबा माझ्या टोपीकडं पाहत म्हणाले, "आपल्या घरान्यात भर कचेरीत आजवर कोनी हासलं नोतं."

मी दाराकडं वळलो. "काकू, आबा म्हणतात..."

"आइकलं. बहिरी नाई मी. सांगा त्यायले, हासनाऱ्याले मी नोतं बलावलं."

"सांगा तिले, सोंगंगिंगं आता बंद."

"इचारा त्यायले, काऊन?"

आबा खोकले. "सांगा, सरकारचा हुकूम हाये." पुन्हा खोकले.

हुकूम! मी त्याच कचेरीतून आलो होतो. माझ्या कानांनी ऐकलं होतं. आबा माझ्याकडं पाहत होते आणि त्यांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. काका अंगणात बैलाच्या गळ्यातली घंटा उगाच पुसत होते. मी टोपी नीट केली. तोंड उघडलं. आणि दाराकडं वळून म्हणालो, "काकू, सरकारचा हुकूम आहे."

दाराआडून एक खोकला आला. मग आबांचा आवाज, घोटलेला, जडशीळ: "सांगा तिले, सरकारचा हुकूम हाये." मग दुसरा खोकला.

आबा खरोखर वळून स्वतःच्या मागं पाहू लागले. फटीतून वर्षानुवर्षं उपरणं चावून ऐकलेला आवाज पहिल्यांदाच त्यांना समोरून भेटत होता. मला वाटलं, हा माणूस आता हसेल. एवढा हसणारा माणूस, त्याला हसू येणारच. तोंडाचा कोपरा हललाही. पण ओसरीवर मी होतो, काका होते, रस्त्यात दोघे थांबले होते. चारचौघांत हसण्याची सवयच नव्हती.

ते उठले, आत गेले, आणि माझी जुनी शेरवानी, रुमी टोपी आणि मिशांची चुंबळ घेऊन आले. न्हाणीच्या चुलीत घातली. गूळ जळाल्याचा वास गल्लीभर गेला. खमंग. कुणाच्या घरी सणाचा पाक चाललाय असं वाटावं.

कोजागिरी यायच्या आत काका-काकूंची रवानगी तलमडुगू गावच्या, उरलेल्या वावरावर झाली. कपाशीला राखण हवी, असं कारण. काका हो म्हणाले. काकू निघताना गाडीत उलट्या, घराकडं तोंड करून बसल्या. मी आदाब केला. का केला, कोण जाणे.

पुढं राज्य बदललं, कचेरीवरचं निशाण बदललं, शेरवान्या गेल्या. काकू वावरावरच राहिल्या. मी एकदा गेलो होतो. ज्वारीची भाकरी, झुणका, कच्चा कांदा, सगळं पोटभर. पण सगळं त्यांच्या स्वतःच्याच आवाजात. "बसजा भाऊ. घेजा अजून. पाऊस बरा हाये." मला त्यांचा स्वतःचा आवाज तोवर नीट माहीतच नव्हता, तो इतका साधा असेल असं वाटलं नव्हतं. मी वेड्यासारखा वाट पाहत राहिलो. शेवटी निघालो. कपाशीच्या पाठीमागून ओला, पान चघळलेला आवाज आला: "क्या जी, इत्ते में च चले? तारीख तो ले के जाओ!"

मी सवयीनं कमरेत वाकलो. मान वर केली तर कपाशीत कोणी दिसलं नाही. दोन बैल तेवढे बसले होते. ज्या बाईला गल्लीनं समोरून पाहायला हवं होतं, तिला हे दोन प्रेक्षक उरले होते, आणि त्यांतला एक झोपला होता.

आता परवाची तेरवी. आबा आहेत अजून. वाळले आहेत, कान गेले आहेत, की ऐकायचं नसलं की जातात, ते कळत नाही. त्याच तक्क्याला टेकून बसले होते. एकेकजण समई लावून बसत होता आणि माझ्या कानशिलातली शीर उडत होती. शेवटी राहवलं नाही. उठलो. आबांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आबा, परवानगी असेल तर दोन शब्द बोलतो." आबांनी मान हलवली.

आणि मग मी बोललो! सगळं बाहेर काढलं. बोकड काढला, मिशीच्या मुंग्या काढल्या, भिंतीतली फट काढली. म्हटलं, या घरातला कर्ता पुरुष तोंडात उपरणं कोंबून त्या बाईला हसत होता, आणि भर कचेरीत एक 'हो' म्हणायची वेळ आली तर त्याची जीभ लुळी पडली! म्हटलं, सरकारनं बंदी केलीच नव्हती, सरकार पान खात होतं! म्हटलं, जिला जिवंतपणी गल्लीतून चालू दिलं नाही तिला मेल्यावर समई म्हणता, लाजा नाहीत वाटत? माझा आवाज चिरकला. इतकं धारदार मी आयुष्यात बोललो नव्हतो.

आबांनी हळूच डोळे पुसले, खोकले आणि म्हणाले, "बरं बोलले. सोज्वळच होती." पुन्हा खोकले.

कोणीतरी म्हणालं, "पानं वाढा रे, उशीर होऊन राह्यला." वाढली. बुंदी होती, वडे होते. सगळे जेवले. मीही जेवलो, राग आला की मला भूक लागते.

हात धुवायला बाहेर आलो तर पायरीशी कासारीण. पार वाकलेली, तोंडाचं बोळकं झालेलं, पण टोपली शेजारी होतीच. आत बसायला जागा नव्हती म्हणे तिच्यासाठी. दारातून सगळं ऐकलं असणार. मी छाती काढून उभा राहिलो. एकीनं तरी शाबास म्हणावं.

"ऐकलंस ना, बाई? आज एकालाही सोडलं नाही मी."

"आइकलं नं. लय बोलले." तिनं मला खालून वर न्याहाळलं. "पन उठता उठता त्या बुड्याच्या कानात काय म्हनले तुमी?"

"काय म्हणालो?"

"परवानगी मांगली. बाई मेली, बाप्पा, पन तुमची पुसाची खोड नाई मेली."